खाजणाचं गाऱ्हाणं

महादू परब बारा वर्षं मुंबईच्या गोदीत राबून आणि युनियनच्या सभा गाजवून गावी परतला, तो माणसं एकत्र कशी आणायची हे आपल्यालाच कळतं असा समज बरोबर घेऊन. सत्तावन्न सालच्या पावसात खाडीचा बांध फुटला, तळेवाडीच्या खाजणात, खाडीकाठच्या भातशेतीत, खारं पाणी शिरलं आणि कापणीला कोणाच्या हाती मूठभर भातही लागलं नाही. सरकारी साहेब येऊन बघून गेले, शहाळी पिऊन गेले, आणि पुन्हा काही फिरकले नाहीत. म्हणून महादूने बांध मंडळ काढलं. वाडीत घरं बत्तीस. प्रत्येक घराने ओहोटीला रोज एक माणूस द्यायचा आणि वैशाखी पुनवेच्या उधाणाआधी बांध पुरा करायचा, असं ठरलं.

सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी बांधावर माणसं मोजून सात, आणि त्यातला एक हरवलेली म्हैस शोधत आलेला. कोणाची कंबर धरली होती, कोणाकडे पाहुणे होते. महादूने घरोघर जाऊन हात जोडले, मग आवाज चढवला. तिसऱ्या दिवशी माणसं पाच झाली.

तेव्हा तो बाबली गुरवाकडे गेला. देवाचं महादूला फारसं सोयरसुतक नव्हतं, पण वाडीला होतं, हे तो जाणून होता. वाडीचं कुठलंही काम देवळात गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नसे. गुरवाने नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगायचं आणि लोकांनी वाक्यावाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. महादूला त्या गाऱ्हाण्यात आपलं एक वाक्य हवं होतं.

बाबली ते ऐकून उठूनच उभा राहिला. “गाऱ्हाण्यात राखण मागतत रे! कोणाचा वायट मागनत नाय.”

“वायट खंय मागतंय? धाक व्हयो, इतक्याच.”

“शब्द एकदा तोंडातून गेलो काय तो देवाचो. मगे तुझो नाय, माझो नाय.”

पण बाबलीचीही दीड मण भाताची जमीन त्या खाजणात होती. सोमवारी त्याने गाऱ्हाणं घातलं आणि शेवटी खाली बघत म्हणाला, “जो घरवालो बांधार माणूस धाडूचो नाय, तेच्या घराक तूच बघून घे, म्हाराजा.” सगळी वाडी म्हणाली, “व्हय म्हाराजा!” मंगळवारी बांधावर बत्तीस माणसं उभी. महादूची छाती फुगली. गोदीतल्या पुढाऱ्यांनाही एवढी एकी साधली नव्हती.

सुगंधाकाकीच्या घरात पुरुषमाणूस नव्हता. नवरा वारलेला, मुलगा मुंबईला. काकी स्वतःच पदर खोचून रोज माती वाहायची. सातव्या दिवशी ती आली ती उशिरा, धावत आणि रिकाम्या हाताने. सून सीता आदल्या रात्रीपासून अडली होती. सुईण खाडीपलीकडे राहायची आणि वाडीची एकुलती एक मोठी होडी बांधाला दगड आणत होती.

“महादू, होडी दी रे.”

महादूने खाडीकडे बघितलं. पाणी पार उतरलं होतं आणि ती घटका वाया घालवणं त्याच्या जिवावर आलं. “दोन खेपा ऱ्हवल्यत, काकी. भरती लागली काय देतंय.”

काकी तशीच परत गेली. होडी सुटली ती दोन तासांनी. सुईण पोचली तेव्हा मूल काळंनिळं होऊन बाहेर आलं होतं. मुलगा होता. रात्र काढून पहाटे गेला.

वाडीने मुकाट्याने हिशेब जुळवला. त्या दिवशी काकीच्या घरचा माणूस बांधावर नव्हता, आणि देवाने बघून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तापाने फणफणलेला माणूससुद्धा घरी राहीना. काकी आली तर बायका तिच्या हातची पाटी घेईनात. विहिरीवर ती दिसली की बाकीच्या कळश्या उचलून निघत. आणि घरी सीताने सासूशी बोलणंच टाकलं. तुम्ही बांधावर गेला असता तर माझं पोर जगलं असतं, एवढं एकदाच म्हणाली, मग तोंड मिटलं ते मिटलंच.

महादूला हे सगळं कळत होतं. ते वाक्य देवाचं नव्हतं, त्याचं होतं. आणि मूल गेलं ते होडीवाचून, हे तर बांधावर त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पण उधाणाला आठ दिवस उरले होते. आता तोंड उघडलं तर माणसं भडकतील, मंडळ मोडेल आणि बत्तीस घरं आणखी एक वर्ष उपाशी राहतील, असं तो मनाशी घोळवत राहिला. त्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच त्याला गप्प बसणं सोपं गेलं.

चतुर्दशीला बांध पुरा झाला. पुनवेला उधाण आलं, बांधाला धडका देऊन परत गेलं, आणि आत पाण्याचा थेंब शिरला नाही. लोकांनी महादूला खांद्यावर घेतलं. तो खाली उतरला आणि तडक सुगंधाकाकीच्या अंगणात गेला. काकी एकटीच कुळीथ पाखडत बसली होती.

“काकी, गाऱ्हाण्यातला ता वाक्य मी घालूक लावलंय. देवाचा तेच्यात काय एक नव्हता. तुमच्याकडना काय चुकाक नाय.” एका दमात बोलून त्याला हलकं वाटलं. उद्या हे सगळ्या वाडीपुढे सांगेन, असंही तो म्हणाला.

काकीचं सूप थांबलं. “म्हणजे देवान नेल्यान नाय माझ्या नातवाक?”

“नाय, काकी.”

“त्या दिवशी तू होडी दिलंस नाय. मी मनाक समजावलंय, देवाच्याच मनात नाय, थंय बापडो महादू काय करतलो? तुका एक शब्द बोलाक नाय मी.” तिने मान वर केली. “आता देव बाजूक झालो. मगे ऱ्हवलो कोण रे?”

होडीचं महादू बोललाच नव्हता, बोलणारही नव्हता, हे त्याला तेव्हा उमगलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

सीता दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पायरी उतरली, सासूच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि तिला दंडाला धरून उठवलं.

“आये, घरात चल,” ती म्हणाली. इतक्या दिवसांत ती सासूशी पहिल्यांदा बोलत होती.

दोघी आत गेल्या आणि सीताने दार लावून घेतलं. बांधावरून माणसं महादूच्या नावाने हाका मारत होती.