दुपारची पाळी

दादा गेला आणि त्याच्यामागोमाग पाचव्या महिन्यात कॉम्प्युटरही गेला. माणसाच्या दुःखाला लोक येतात, कॉम्प्युटरच्या दुःखाला फक्त दुरुस्तीवाला आला. त्याने आतली धूळ फुंकली, मान हलवली आणि सांगितलं की जुनी गाणी सगळी वाचली आहेत, पण ज्या सॉफ्टवेअरवर ती केली ते नव्या मशीनवर चालायचं नाही, ते बनवणारी कंपनीच कधीची बंद पडली आहे. तेव्हा ताईंनी आता नवीन काहीतरी निवडावं, आपल्या हाताला बसेल असं.

हाताला बसेल म्हणजे नेमकं कोणाच्या हाताला, हा खरा प्रश्न होता. एकोणीस वर्षं ती आणि तिचा थोरला भाऊ त्या एका खोलीत गाणी बनवत आले होते. खोली तिसऱ्या मजल्यावर, खाली शिंप्याचं दुकान, खिडकीला जाड पडदा. दोघांची कामाची रीत जगावेगळी होती. गाणं एकच, पण दोघं एका वेळी कधीच बसायचे नाहीत. समोरासमोर आले की विळ्याभोपळ्याचं सख्य, म्हणून वाटणीच करून टाकली होती. सकाळी नऊ ते एक तिची पाळी, दीड वाजल्यापासून दादाची. सकाळी ती चाल गाऊन ठेवायची, वाद्यं भरायची. दुपारी दादा त्यातलं कापायचा. दुसऱ्या दिवशी ती यायची तेव्हा अर्धं काम उडालेलं असायचं आणि गाणं सुधारलेलं असायचं. आधी डोक्यात तिडीक जायची, मग ऐकता ऐकता पटायचं. बाहेर नाव दादाचंच लागायचं. त्याचं आपल्याला कधी काही वाटलं नाही, असं कोणी न विचारताही ती सगळ्यांना सांगायची.

आणि आता नेमकं तिच्या एकटीच्या नावाने काम आलं होतं. एका लघुपटाचं पार्श्वसंगीत, सात मिनिटांचं. दिग्दर्शिका तरुण होती आणि तिची जीभ सरळ होती. "तुमच्या भावाचं काम मी ऐकलंय. छानच आहे. पण मला ते नको, मला तुमचं हवंय," ती म्हणाली. सहा आठवडे दिले. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच कोणीतरी तिचं मागितलं होतं. आनंद झाला, पण तिचं असं काही आहे का हे तिलाच ठाऊक नव्हतं.

तिने सॉफ्टवेअर पाहायला घेतली. पहिलं नावाजलेलं होतं, पण नाकापेक्षा मोती जड. एक साधा आवाज घ्यायचा तर चार खिडक्या उघडा, आठ प्रश्नांना उत्तरं द्या, तोवर मनातली चाल पळून जायची. दुसऱ्यात नुसते चौकोन. एकेका चौकोनात तुकडा भरायचा आणि चौकोन दाबत सुटायचं. तालावर नाचवायला ते उत्तम असेल, पण तिला आधी गळ्यातून चाल यायची, मग बाकीचं. शब्दकोडं सोडवत बसल्यासारखं वाटून तिने ते दोन दिवसांत बंद केलं. तिसरं दुरुस्तीवाल्याने आणून दिलं. हे म्हणे तुमची पद्धत बघून शिकतं आणि तसंच होतं. तीस दिवस वापरून बघा, मग ठरवा.

उघडल्याबरोबर त्याने नव्या डॉक्टरसारख्या चौकश्या सुरू केल्या. आधी चाल की आधी ताल? सूर लिहिता की गाता? जुनी कामं आहेत? असतील तर दाखवा. तिने एकोणीस वर्षांची सगळी कामं त्याच्या स्वाधीन केली. शेवटचा प्रश्न होता, एका कामावर किती माणसं असतात. तिचं बोट 'दोन'वर पडलं. दोन ताटं मांडायची सवय असली की हात आपोआप दोनच घेतो, तसं झालं. चूक लक्षात आली तेव्हा पडद्यावर दोन पट्ट्या आल्या होत्या, पिवळी तिची, निळी दुसऱ्याची. नंतर बदलू म्हणून तिने ते राहू दिलं. खरं सांगायचं तर निळी पट्टी रिकामी का होईना, तिथे असलेली तिला बरी वाटली.

पहिले चार दिवस काम भराभर झालं. सॉफ्टवेअर खरोखर तिच्या हाताखाली चालत होतं. पाचव्या सकाळी तिने काम उघडलं तर बासरी उडालेली होती. चाल दोन ठिकाणी कापली होती आणि शेवटची ओळ हळूच खाली उतरवली होती. निळी पट्टी भरली होती. नोंद होती आदल्या दुपारी एक बेचाळीस ते पाच दहा.

तिने ऐकलं आणि शेवट पुन्हा लावला. शेवटाआधी आवाज असा उतरवणं, हा दादाचा हात होता. आणि गाणं सुधारलं होतं.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याला यात काही नवल वाटलं नाही. जुनी कामं तुम्हीच दाखवलीत, दुसऱ्या माणसाची जागाही तुम्हीच ठेवलीत, त्याने दुसऱ्या माणसासारखं काम केलं, बिघडलं कुठे? मशीन बंद दिसलं तरी कंपनीच्या मोठ्या मशीनवर काम चालू राहतं. तिला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. पण आठवड्याने निळ्या पट्टीत एक नवा आवाज आला, बारा सेकंदांचा. नुसत्या खोलीचा. काम सुरू करण्याआधी रिकाम्या खोलीची शांतता टिपून घ्यायची, ही दादाची खोड होती. कान लावला तर खालून शिंप्याचं मशीन चाललेलं, आणि मग खुर्ची कुरकुरली. कोणीतरी बसलं होतं. ध्वनिमुद्रण आदल्या दिवशी दुपारचं होतं, आणि माइकची वायर तर ती स्वतः रोज काढून ठेवून जायची. हे तिने दुरुस्तीवाल्याला सांगितलं नाही. खोलीची दुसरी किल्ली वहिनीकडे होती, दादाच्या जुडग्यात, आणि ते जुडगं तो गेल्यापासून खिळ्यावरून हललं नव्हतं.

मग दुपारी थांबून का पाहिलं नाही, असं कोणीही विचारेल. ती एक वाजला की उठायचीच. थांबले आणि कोणी आलंच नाही तर तो दुसऱ्यांदा जाईल, आणि कोणी आलं तर, याच्या पुढचा विचार ती करत नव्हती. शिवाय तिला सुख लागलं होतं. सकाळी काहीबाही करून ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी ते नीट झालेलं मिळावं, हे सुख तिला पाच महिन्यांनी परत मिळालं होतं. भीती वाटत होती, पण रोज सकाळी जिने चढताना पाय जरा भरभर पडायचे हेही खरं.

एकोणतिसाव्या दिवशी सातही मिनिटं तयार झाली. तिने वहिनीला बोलावलं. वहिनी हिशेबी डोक्याची बाई, शाळेत गणित शिकवायची. भुताखेतांच्या गोष्टी तिच्यापुढे कोणी काढायचं नाही. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अगदी तोच आहे गं," ती म्हणाली. "खोलीत बसून करतोय असं वाटलं." मग तिने डोळे पुसले आणि नणंदेकडे पाहिलं. "पण तुझं कुठंय यात?"

तिला रागच आला. सगळं माझंच आहे, सकाळी मीच तर बसते, असं ती वहिनीला जरा वाढत्या आवाजात म्हणाली. वहिनी पर्स उचलून निघून गेली.

तिसाव्या सकाळी कॉम्प्युटर लावला तर पडद्यावर निरोप होता. मुदत संपत आहे, तुमच्या पद्धतीप्रमाणे कायमची मांडणी करू. या कामात एका माणसाची जागा वापरात दिसत नाही. ती काढून टाकू का?

 शेवटी मशीनलाही कळलं की तो नाही. ती 'नाही' दाबणार होती, इतक्यात तिने नीट पाहिलं. काढायची म्हणून खूण केली होती ती पिवळी पट्टी होती. खाली कारण लिहिलं होतं. पूर्ण झालेल्या सात मिनिटांत पिवळ्या पट्टीचा एकही सेकंद शिल्लक नव्हता.

तिने एकोणतीस दिवसांच्या नोंदी एकेक करून उघडल्या. मग तिने पहिल्या दिवशीची तिची चाल शोधून काढली, गळ्यातून गायलेली, चौथ्या दुपारी कापली गेलेली. आवाज किंचित बसका, मध्ये एक श्वास चुकलेला. दादाच्या हातापुढे ती कच्ची होती, यात शंका नाही. पण ती चाल जिथे वळत होती तिथे दादा कधी वळला नसता. एकोणीस वर्षं हे वळण रोज दुपारी कापलं जात होतं आणि ती रोज सकाळी ते पुन्हा गात होती. हे तिला आज कळलं, आणि रडू आलं ते दादासाठी की स्वतःसाठी हे सांगता आलं नसतं.

तिने पिवळी पट्टी ठेवली. निळीवर खूण केली.

पडद्याने विचारलं, दुसऱ्या व्यक्तीला कळवायचं आहे का? खाली लिहायला चौकट आली.

तिने लिहिलं, "दादा, हे मी एकटी करते. तू आता येऊ नकोस." वाचून पाहिलं. फार कोरडं वाटलं, पण गोड केलं असतं तर तिचाच हात मागे आला असता. तिने पाठवून दिलं.

पोचलं, असं आलं. मग थोड्या वेळाने, वाचलं.

खाली शिंप्याचं मशीन थांबलं, जेवणाची वेळ झाली होती. एक वाजून गेला. तिच्या पायांनी सवयीने उठायला घेतलं, तिने ते पुन्हा टेबलाखाली ओढले. चौकटीत आता अक्षरं उमटत होती, एक एक करत, सावकाश. दादा टंकलेखनात कायमच कच्चा होता.

"छोटे, मग मी कुठे बसू?"

ह्या नावाने तिला घरातलं दुसरं कोणी हाक मारत नसे, आणि गाण्यांच्या कुठल्या फाइलीत ते लिहिलेलंही नव्हतं.  तिने 'काढून टाका' दाबलं, निळी पट्टी गेली, आणि तिने माइकची वायर लावून पहिली ओळ पुन्हा गायला घेतली.  दीड वाजला, पावणेदोन झाले. खुर्चीच्या मागे कोणीतरी आपली पाळी कधी येते याची वाट पाहत उभं होतं. तिने मागे पाहिलं नाही, आणि ती उठलीही नाही.