मुक्ताबाईची साक्ष

केजच्या कोर्टात मुक्ताबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढताना अडखळली, तरी तिला हात द्यायला लेक उठली नाही. वनमाला मागच्या बाकावर तशीच बसून राहिली. माय भावाच्या बाजूनं आली होती. हात द्यायचा तर त्यानं द्यावा.

आबा वारले आणि चार एकर रान एकट्या हनुमानच्या नावे केल्याचं मृत्युपत्र निघालं. भावानं अंथरुणावरच्या बापाचा अंगठा बळजबरीनं घेतला, असं म्हणून वनमालानं दावा लावला. आपल्या वाट्याचं रान मिळालं तर ऊसतोडीला जायचं सुटेल, एवढीच तिची आशा. पण तारखा नेमक्या तोडीच्या हंगामात पडत. कारखान्यावरून धावत यायचं आणि पुढची तारीख घेऊन परत जायचं. खेटे घालून ती इतकी विटली होती, की निकाल विरोधात गेला तरी चालेल, पण हे एकदाचं संपू दे, असं तिला आता वाटे.

हनुमानच्या वकिलानं विचारलं, "सुंदररावांनी तुमच्यासमोर अंगठा दिला ना?"

"दिला."

"शुद्धीवर होते?"

"होते की."

इथवर पढवलेलं ठीक चाललं होतं.

"राजीखुशीनं दिला?"

मुक्ताबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"न्हाई. त्यांला लेकीलाबी निम्मं द्यायचं होतं. म्या आडवी पडले. अंगठा देईस्तोवर त्यांला जेवाया वाढलं न्हाई."

वकील घाईनं खाली बसला. शेवटी न्यायाधीशांनीच विचारलं, "हे कुणाच्या सांगण्यावरून केलं?"

"कुणाच्याबी न्हाई. हनुमानला ठावंच न्हाई. म्हातारपणी भाकर लेकाच्या घरची खायची व्हती मला."

दावा जिंकल्यातच जमा होता, पण वनमालाला आनंद होईना. इतकी वर्षं तिनं भावाला शिव्याशाप दिले, आणि आबा उपाशी निजले ते मायमुळं. तिला रडू येत होतं, रागही येत होता, आणि दोन्हींना पुरेल एवढं त्राण अंगात नव्हतं.

बाहेर हनुमाननं मोटारसायकल काढली.

"आता जा, भाकर मिळंल तिकडं," तो मायला म्हणाला आणि एकटाच गावाकडं, युसूफ वडगावच्या रस्त्याला लागला.

वनमाला बसस्थानकावर येऊन बीडच्या गाडीत बसली. तिचं सासर मांजरसुंब्याला, वडगावच्या अगदी उलट दिशेला. गाडी सुटता सुटता मुक्ताबाई दांडा धरून वर चढली आणि तिच्या सीटपाशी येऊन उभी राहिली.

"आबाला उपाशी ठेवलंस तू," वनमाला म्हणाली.

"ठेवलं."

"मग आजच कावून बोललीस?"

"त्या घरचा घास गिळवंना झालाय मला."

कंडक्टर जवळ आला. वनमाला खिडकीकडं सरकली.

"मांजरसुंबा. दोघी," तिनं सांगितलं, आणि मायकडं न बघताच म्हणाली, "जेवाया वाढीन. पण आज माझ्याशी बोलू नको."