सवतीचा टाक

वणीहून निघालेल्या एस.टी.त नागोराव मास्तर बसल्याबसल्या घोरायला लागले, आणि शेजारी त्यांची बायको पंचफुला गळ्याशी पदर घट्ट धरून बसली. मास्तरांचं बरं होतं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की सोमवारच्या पहिल्या गाडीपर्यंत त्यांना जगाशी काही देणंघेणं नसे. चिंतामणीचं दर्शन, सासूच्या हातचं जेवण आणि ओसरीवर ताणून देणं, एवढ्यासाठी ते कळंबवर जीव टाकत. पंचफुलाही टाकायची. पण आज गाडी वाटेत कुठेतरी फसावी, निदान चाक तरी पंक्चर व्हावं, असं ती मनोमन म्हणत होती. गाडी मेली वेळेवर पोचली.

कळंबचं ते घर तिच्या सवतीचं माहेर. मास्तरांची पहिली बायको वेणू पाच वर्षांमागे तापानं गेली. पंचफुलाचं लग्न झालं तेव्हा वेणूच्या आईनं, मथुराबाईनं, रीतीप्रमाणे मेलेल्या लेकीच्या नावाचा चांदीचा टाक घडवला, म्हणजे नखाएवढ्या पत्र्यावर बाईची आकृती, आणि आपल्या हातानं तो पंचफुलाच्या गळ्यात बांधला. "आता तू माही लेक," म्हणाली. बोलायला काय, सगळेच बोलतात. या बाईनं मात्र शब्द पाळला. पंचफुलाला स्वतःची आई आठवत नव्हती. काकूच्या घरी भांडी घासत वाढलेली पोर ती. माहेर म्हणजे काय चीज असते, हे तिला सवतीच्या घरी कळलं.

तिथला एक नेम होता. पंचफुला आली की दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी देवळात जायच्या, कुंडातलं पाणी तांब्यात आणायच्या. मग मथुराबाई तो टाक धुवायची, त्याला कुंकू लावायची आणि लेकीशी बोलत बसायची. शेजारणीची म्हैस व्याली इथपासून सगळं सांगायची.

आणि तोच टाक हरवला होता. घरच्या वावरात कापूस वेचताना कधीतरी गळ्यातला दोरा तुटला, ते घरी आल्यावर लक्षात आलं. तीन दिवस पंचफुलानं त्या वावरातली सरी न् सरी पालथी घातली. मग घाबरून वणीच्या एका सोनाराकडे गेली. नवा करायला आठ दिवस लागतील, तो म्हणाला. शनिवार तर परवावर आलेला. तेव्हा त्यानंच मोडीत आलेल्या जिनसांच्या डब्यातून एक जुना टाक काढला आणि चिंचेनं घासून दिला. तसाच नखाएवढा, तशीच आकृती. तिनं तो दोऱ्यात ओवला. मास्तरांना पत्ता नव्हता. बायकोच्या गळ्यात दोरखंड असता तरी त्यांना दिसला नसता.

संध्याकाळी मथुराबाईनं भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. पंचफुला भाकर नुसतीच कुस्करत बसली.

"काहून वं, तोंड उतरलं तुहं?"

"काही नाही माय, गाडी लागली."

खोटं बोलून झाल्यावर पाणीही कडू लागलं. म्हातारीला कळलं तर ती काय करेल? ओरडेल? ओरडली तर बरंच. पण गप्प बसली, पुढच्या वेळी 'येजो' म्हणालीच नाही, तर? तर जगात आपल्याला जायला दुसरं दार नाही, हे पंचफुलाला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी चिंतामणीसमोर तिनं हात जोडले. "देवा, मायच्या डोळ्याले कमी दिसू दे," एवढं तोंडातून गेलं आणि आपण काय मागून बसलो ते ध्यानात आलं. तिनं चटाचटा स्वतःच्या गालावर मारून घेतलं. शेजारी मथुराबाई डोळे मिटून उभी होती.

घरी आल्यावर म्हातारीनं पाट मांडला. टाक तळहातावर घेऊन पाणी घातलं, अंगठ्यानं हळूहळू पुसला. पंचफुला तिच्या तोंडाकडे बघत होती. म्हातारीला काहीच ओळखू आलं नाही. सुटले, असं पंचफुलाला क्षणभर वाटलंही.

"वेणे," मथुराबाई टाकाशी बोलू लागली, "तुले एक सांगाचं होतं माय. तू तापात पानी मांगे. डाक्तर नाही म्हने, म्हनून म्या देल्लं नाही. माह्यावर राग तं नाही ना वं तुहा?"

"माय, बोलू नोको!" पंचफुला ओरडलीच. "थे वेणूबाई नाही!"

मग सगळं बाहेर आलं. वावर, तुटका दोरा, सोनाराचा डबा. "मले मार, काहीबी म्हन," ती रडत म्हणाली, "पन मले येऊ नोको असं नोको म्हनू."

मथुराबाई उठली. टाक घेऊन दारातल्या उजेडात जाऊन पाठमोरी उभी राहिली. पंचफुलाला तिची पाठ तेवढी दिसत होती आणि ती पाठ हलत नव्हती. संपलं, असं तिला वाटलं.

"वेणू तं वावरात हाय मंग," म्हातारी तशीच पाठमोरी म्हणाली. "कपाशीत. राहू दे. तिले वावर लय आवडे." मग तिनं टाक उलटासुलटा करून पाहिला आणि एकदम तापली. "पन हे कोन वं? इलेबी कोन्या मायनंच घडवली असन ना? आपली तं हरपली. इले इकली! इकनाऱ्याचा हात कसा झाला वं?"

आपण कुणाला गळ्यात बांधून आणलं, हा विचार पंचफुलाला आतापर्यंत शिवलाच नव्हता.

म्हातारी परत पाटाशी बसली. टाक पुन्हा धुतला, त्याला कुंकू लावलं आणि पंचफुलाच्या गळ्यात बांधायला घेतला. गाठ दोनदा सुटली.

"मले एकच होती," ती म्हणाली. "आता तीन झाल्या. एक वावरात, एक हे बिननावाची, अन् एक रडून राह्यली. उठ, तोंड धू."