खळीचा शर्ट आणि बेटावरच्या मुंग्या

अहो दादा, ती बॅग तिथे कडेला नको, मधे सरकवा. हां, आता कसं. वहिनी, तुम्ही या बाजूला या, म्हणजे ऊन पाठीला लागेल, तोंडावर येणार नाही. आणि सारखं घड्याळात बघू नका हो. होडी पाणी चढलं की सुटणार, त्याआधी देव आला तरी नाही. बेटावर घड्याळाचा एकच उपयोग, पट्ट्याखालची कातडी तेवढी गोरी राहते.

पहिल्यांदाच येताय ना? तोंडावरून कळतंय. मग बसल्या बसल्या तुम्हाला आमच्या व्याह्यांची गोष्ट सांगतो. नवख्या माणसाने इथे काय करू नये, ते त्यांनी पुरतं करून दाखवलंय. त्यांची गोष्ट ऐकली की तुम्हाला वेगळं काही विचारायची गरज नाही.

मी ही होडी चालवतो आणि बायको दोन खोल्या भाड्याने देते, तुम्ही उतरणार आहात त्याच. माझी थोरली बहीण पलीकडच्या घरात. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, धक्क्याजवळच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. मासे ठेवायला बर्फ लागतो, तो करतात तिथे. एकदा तिथलं मशीन बंद पडलं. दुरुस्तीला शहरातून एक मेकॅनिक आला, पोरगा कामाला चोख. जेवायच्या आत मशीन सुरू. पण हा गडी परत जायचं नावच घेईना! रोज त्याला नवा बिघाड सापडायचा. भाची तिथे उभी असली की बिघाड जरा मोठा असायचा. शेवटी माझी बहीण म्हणाली, "मशीनचं जाऊ दे रे बाबा, आमच्या पोरीचं काय ते सांग."

तर त्या मेकॅनिकचे वडील म्हणजे आमचे व्याही. धंद्याने इस्त्रीवाले. एका जिन्याखाली त्यांचं टेबल, वर कोळशाची इस्त्री, आणि सगळ्या गल्लीचे लग्नाचे कपडे त्यांच्या हाताखालून जायचे. पण स्वतःच्या लग्नात हा माणूस उसना कोट घालून उभा राहिला होता. तो कोट त्यांना चावला तो जन्मभर. मुलाच्या लग्नाला म्हणून त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या मापाचे कपडे शिवून घेतले. पांढरा शर्ट, पांढरी पॅंट. आणि बायकोला बजावलं, "तिथे कुणासमोर इस्त्री हा शब्द काढायचा नाही. एक दिवस मला मुलाचा बाप म्हणून उभं राहू दे. हात खिशात घालून." हे विहीणबाईंनी नंतर माझ्या बायकोला सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

आले ते याच होडीतून. पायात चकाकते चामडी बूट! मी म्हटलं, "व्याही, बूट काढा, पॅंट गुडघ्यापर्यंत वर घ्या. धक्का लाटेने खचलाय, पाण्यातच उतरावं लागेल."

"मी काय मासे धरायला आलोय?" म्हणाले, आणि कपड्यांची पिशवी डोक्यावर धरून तसेच उतरले. पिशवी कोरडी राहिली. बूट मात्र असे भिजले की चालताना बेडूक बोलावे तसे बोलायला लागले. मागून विहीणबाई चपला हातात घेऊन आरामात येत होत्या. मला म्हणाल्या, "लग्न करून मला घरी आणलं ना, तेव्हासुद्धा एवढं जपून आणलं नव्हतं हो."

म्हणून सांगतो दादा, तुमचे ते बूट आत्ताच काढून बॅगेत टाका. रबराची पट्ट्याची चप्पल घाला आणि पाण्यात शिरतानाही ती काढू नका. खडकांच्या फटीत काळे काटेरी गोळे असतात, पाय पडला की काटा आतच मोडतो. मग तुमचा फिरायचा वेळ माझी बायको सुई घेऊन खाते.

पुढचं ऐका. संध्याकाळी व्याही नारळाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले. मी खुर्ची ओढून बाहेर घेतली. ते परत आत. मी परत ओढली. ते चिडले, "सावलीत बसायचं नाही होय तुमच्याकडे?" तेवढ्यात धप्पकन एक नारळ खाली आला, त्यांच्यापासून हातभर लांब. मग स्वतःच खुर्ची उचलून व्हरांड्यात गेले आणि वर विचारतात काय, "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

लग्न दुसऱ्या दिवशी होतं, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दुपारी इथे कुणी लग्न करत नाही, नवरदेव वितळून जाईल. सकाळी व्याह्यांनी पिशवी उघडली आणि त्यांचा चेहराच उतरला. शर्ट मरगळून गेला होता. समुद्राची हवा हो, मीठ आणि ओल. इथे पापड राहत नाही, कागद राहत नाही, शर्टाचं काय घेऊन बसलात!

माझी बायको म्हणाली, "व्याही, राहू द्या तसाच. इथे सगळ्यांचे असेच असतात. आणि आत्ता बाहेर टांगू नका, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा."

"ताई," व्याही तिला म्हणाले, "कपड्यात जन्म गेलाय माझा. तुम्ही पाहुणचार बघा, कपड्याचं मी बघतो."

आणि दार लावून घेतलं. विहीणबाईंच्या ट्रंकेत तळाशी काय होतं, माहितेय? कोळशाची इस्त्री! नाव काढायचं नाही म्हणाले होते, पण घरी सोडवली नाही. त्यांनी माझ्या बायकोला हाक मारून भाताचं गरम पाणी मागून घेतलं, गाळलं आणि खळ केली. त्यात टाकली साखर. चिमूटभर नाही, चांगली मूठभर. हे त्यांच्या धंद्यातलं गुपित. साधी खळ दमट हवेत बसते, साखर घातली की कपडा पुठ्ठ्यासारखा उभा राहतो आणि वर चमकतो. गल्लीतले सगळे नवरदेव त्या साखरेवर उभे होते म्हणे.

आम्ही चूल करवंट्यांवर पेटवतो, त्यातलेच निखारे त्यांनी इस्त्रीत भरले. दार उघडलं तेव्हा पॅंट आणि तिच्यावर शर्ट भिंतीच्या खुंटीला असा टांगलेला होता, की आत माणूस आहे असं वाटावं. खरंच सांगतो, असा शर्ट मी आजवर पाहिला नव्हता. कॉलरने सुपारी कातरली असती. व्याही त्याच्याकडे बघत उभे राहिले, मग पाणी पिऊन माझ्या बहिणीकडे जेवायला गेले. जेवून आले ते दुसऱ्या खोलीत आडवे झाले.

उठून कपडे घालायला गेले आणि आतून ओरडले. मी धावलो. बघतो तर शर्ट तपकिरी झालेला, आणि हलतोय! मुंग्या हो. खिडकीतून ओळ लागली होती, भिंतीवरून खुंटीवर, खुंटीवरून कॉलरमध्ये. पॅंटचे दोन्ही पाय भरलेले. साखरेचं एवढं मोठं जेवण त्यांना कुणी कधी घातलं नसेल.

मी म्हटलं, "हात लावू नका, अंगणात नेऊन झटकतो." पण ते कसले थांबतायत! दोन्ही हातांनी धपाधप मारायला लागले. मुंग्या मेल्या, पण सगळ्या कापडावर डाग पाडून मेल्या. माझ्या बायकोने शर्ट ओढून घेतला, साबणाने धुतला. डाग फिके झाले, गेले नाहीत. आणि आता शर्ट ओलाचिंब. मी म्हटलं, "इस्त्री आहे की तुमच्याजवळ, फिरवा वरून."

व्याही माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "डागावर इस्त्री फिरवली की डाग पक्का होतो. जन्मभर लोकांना हेच सांगत आलो."

आणि बनियनवर खाटेवर बसले. बायकोला म्हणाले, "पोराला निरोप दे. बापाला ताप आला म्हणावं. मी येत नाही."

"ताप? कुठाय ताप?" विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मुंग्या शर्टाला लागल्या, डोक्याला नाही. उठा."

"परत उसना कोट घालून उभा राहू? तेही मुलाच्या लग्नात?"

तिकडे अंगणात खुर्च्या मांडून झाल्या होत्या, आणि इथे मुलाचा बाप भिंतीकडे तोंड करून बसलेला.

मग मुलगा आला. नवरदेव! भाचीने धाडलं होतं, बाबा अजून का आले नाहीत ते बघायला. दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, काय झालं?"

व्याह्यांनी मान वळवली. पोराच्या तोंडाकडे नाही, कॉलरकडे बघितलं. पोराचा शर्ट पिशवीतून तसाच काढलेला, घडीच्या रेघा पडलेल्या, एक कफ दुमडलेला.

"हे काय घालून उभा राहणार आहेस?" व्याही म्हणाले.

"इथे चालतं बाबा."

"माझ्या पोराला नाही चालत. काढ तो."

झालं! उठले, खाटेवर चादर पसरली, निखारे भरले, पाणी शिंपडलं. साखर नाही, खळ नाही, नुसता हात. पोरगा बनियनवर बाजूला उभा. पाठीवरून इस्त्री फिरवता फिरवता व्याही म्हणाले, "लहानपणी टेबलाखाली झोपायचास. वरून पाण्याचे थेंब पडले की खिदळायचास."

"अजून आठवतं," पोरगा म्हणाला.

आता इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण आमचे मेहुणे, म्हणजे मुलीचे वडील, त्यांना दम कुठे! हातात शर्ट घेऊन दारात हजर. "इथे इस्त्री आहे म्हणे?"

ज्या माणसासमोर इस्त्रीवाला म्हणून उभं राहायचं नव्हतं, तोच समोर. व्याही बनियनवर, हातात इस्त्री, कपाळावर घाम. विहीणबाईंनी तर डोळेच मिटले.

व्याह्यांनी हात पुढे केला. मेहुण्यांचा शर्ट घेतला, उजेडात धरला, उलटा केला. "हा धुतला कुणी?"

"मीच," मेहुणे म्हणाले.

"वाटलंच. पिळलाय की गळा दाबलाय?"

मेहुणे इतके हसले की खाटेच्या कडेलाच बसले. "व्याही, तुम्ही इस्त्री करता हे आधी का नाही सांगितलं हो? मी सकाळपासून गादीखाली ठेवून बसलोय हा शर्ट. अहो, स्वतः बसलोय त्याच्यावर!"

मग काय, दारात रांग लागली. कारखान्यातला मुकादम आला, शाळेतले मास्तर आले, माझ्या बायकोने मलाच पुढे ढकललं. व्याही प्रत्येकाचा शर्ट घ्यायचे, प्रत्येकाला एक शिवी नसलेली शिवी द्यायचे आणि परत करायचे. लोक शर्ट अंगात घालायचे आणि आपोआप ताठ चालायचे. शेवटी मी माझा दुसरा शर्ट त्यांच्यापुढे ठेवला, निळा, खांद्यावर उन्हाने विटलेला. म्हटलं, "हा तुमच्यासाठी. उसना नाही, घरचा आहे. आता नातं झालंय."

त्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ बघितला. "बटण सैल आहे," म्हणाले. विहीणबाईंनी तिथल्या तिथे बटण घट्ट केलं. मग त्यांनी त्याला स्वतः इस्त्री केली, प्रवासातल्या पॅंटवर घातला, आणि मुलाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. हात खिशात.

लग्न अर्धं झालं नसेल, तोवर सगळ्या अंगणाची इस्त्री उतरली. हवाच तशी! व्याह्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "गेली." मुलगा म्हणाला, "इथे टिकतच नाही बाबा." "फोटो निघाला ना? बास."

तेव्हा दादा, एवढं लक्षात ठेवा. खोलीत गोड काही उघडं ठेवू नका, बिस्किटाचा चुरासुद्धा. कपडे सैल आणि सुती घाला, सकाळी धुवा, ऊन आहे तोवर आत घ्या. तहान लागायच्या आधी पाणी प्या. ढग असले तरी टोपी घाला, पाण्यावरचं ऊन खालून भाजतं. अंधार पडू लागला की पूर्ण बाह्या, डासांना शहरातलं रक्त फार आवडतं. आणि माझी बायको काही ठेवायला सांगेल, ते ती म्हणेल तिथेच ठेवा.

व्याह्यांनी नंतर जिन्याखालचं टेबल पुतण्याला दिलं. आता दोघं नवराबायको इथेच असतात, मुलाकडे. धंदा करत नाहीत, पण सवय कुठली जायला! होडी आली की धक्क्यावर येऊन उभे राहतात. तुम्ही उतरलात की एक म्हातारा पुढे येईल आणि काही न बोलता तुमची कॉलर दोन बोटांत धरून बघेल. तेव्हा माझं एक ऐका, दचकू नका, मागे सरकू नका, क्षणभर उभे राहा. आणि इस्त्री कुणी केली हे ते विचारतीलच, तेव्हा आमच्याकडचा इस्त्रीवाला फार चांगला आहे असं तेवढं म्हणू नका हो.