सुतकातली भेंडी

वाडी सगळी एकाच भावकीची. लग्नाकार्याला बरं असतं, मांडव भरून जातो. धंद्यात मात्र तेच अंगाशी येतं. पण हे आधी कुणाच्या डोक्यात आलं असेल तर शपथ!

कराडच्या रस्त्याला लालासाहेबांची रिकामी शेड होती. मिलिटरीतून परतलेला म्हातारा, बोलायला तिखट, पण पुतणसून शिवांजलीनं भाजी-केंद्राचं काढल्यावर किल्ली त्यानंच दिली. घरोघरची भाजी तिथं गोळा करायची, निवडून क्रेटात भरायची आणि पुण्याच्या दुकानांच्या गाडीत चढवायची. दोन खेपा झोकात गेल्या. खरेदीवाला म्हणाला, तिसरीही अशीच आली तर वर्षभर माल तुमचाच. गाडी रिकामी आली तर मात्र विसरा. या एका होकारासाठी पोरीनं किती उंबरे झिजवले होते!

आणि नेमकी माशी शिंकली. तिसऱ्या गाडीच्या दिवशी पहाटेच लालासाहेब गेले.

दुपारच्या आत माती झाली. मागं त्यांची म्हातारी बायको बनुबाई एकटी उरली. भावकीत माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी राख सावडेपर्यंत कुणी रानात पाऊल टाकायचं नाही, ही वाडीची रीत. दुसऱ्या गावात एका घरी सुतक असलं तर शेजारचं घर कामाला जातं. इथं सगळं गावच सुतकात. आणि भेंडी थोडीच सुतक पाळते? दिवसाआड तोडली नाही की निबर होते.

शिवांजलीनं थोरला चुलतदीर दादासो याला बाजूला घेतलं. "आवं भावजी, निदान भेंडी तेवढी तोडू. गाडी रिकामी गेली तर सगळं संपलं."

"येडी का काय तू? म्हातारीचं डोळं अजून वाळलं न्हाईत, आन् तिच्या दारावरनं पाट्या न्यायच्या? लोकं तोंडात शेण घालतील."

"मग थोरल्या आत्तींना इचारू का?"

"खबरदार! आज त्या माउलीला भेंडीचं इचारतीस?"

ती माघारी वळली. तिला लाज वाटली, कारण माती देतानाही तिच्या मनात गाडीच होती. संध्याकाळी गाडी आली, जरा थांबली आणि रिकामी गेली. खरेदीवाला फोनवर चांगलं बोलला, दुःख झालं म्हणाला. दुसऱ्या गावाशी ठरवल्याचंही त्यानं सांगून टाकलं.

सावडणं उरकलं तशी झाडून सगळी भावकी रानात शिरली. जीव राहीना कुणाचा. शेडमध्ये क्रेटांची थप्पी लागली, पण भेंडी अशी जरड की मोडता मोडेना. दादासो खाली मान घालून उगाच क्रेट सरकवत राहिला.

तेवढ्यात बनुबाई भिंतीला धरत आत आली. दहाव्याआधी विधवा बाईनं उंबरा ओलांडायचा नसतो, सगळे चपापले.

"गाडी कवा येनार?" तिनं विचारलं.

शिवांजलीच पुढं होऊन म्हणाली, "थोरल्या आत्ती, ती त्याच दिशी येऊन रिकामी गेली. आता न्हाई यायची. तुमाला वाईट वाटंल म्हनून आमी तोडलं न्हाई."

"मला?" म्हातारीनं क्रेटातली एक जरड भेंडी उचलली. "अगं, त्यास्नी नेल्यावर घर खायला उठलं व्हतं मला. मीच आली असती की तोडायला. एवढी मानसं दारात व्हती, पर मला कुनी इचारलंच न्हाई."