दोन दोर, दोन स्टुलं

निसर्गाच्या स्थिरांकांची नवी मूल्यं दर चार वर्षांनी ठरवणाऱ्या समितीत तिला सगळे दशांशबाई म्हणत. आठव्या घरातल्या आकड्यासाठी ती हमरीतुमरीवर येई, तेव्हा नाव शोभतही होतं. या खेपेला मात्र ती गप्प होती. गुरुत्वस्थिरांकाची चौदा मापं समोर होती. तेरा एकमेकांना धरून, आणि चौदावं वर कुठेतरी एकटंच फुगून बसलेलं. ते तिच्या सरांचं होतं, तीस वर्षांपूर्वीचं.

"ते यादीत आहे तोवर सगळ्यांचीच अनिश्चितता वाढवून छापावी लागते," अध्यक्ष म्हणाले. "आणि चूक दाखवल्याशिवाय काढायचं तरी कसं? त्या प्रयोगाच्या खोलीत तुम्ही होतात. शुक्रवारी यादी बंद होतेय. काही आठवलं तर बघा, नाहीतर तरीही मी ते वगळण्याचा ठराव मांडणार."

सर ब्याऐंशी वर्षांचे होते. आकडा वगळला तर ते हाय खातील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ती जुन्या वह्या उघडून बसली. अक्षर तिचंच, तेविसाव्या वर्षीचं, नको तितकं टापटीप. वाचता वाचता ती खोलीच समोर आली. तळघर, मधोमध केसाएवढ्या तारेला टांगलेली दांडी, भोवती शिशाचे गोळे ठेवलेलं चाक. चाक एका बाजूला फिरवलं की गोळ्यांच्या ओढीने दांडी किंचित वळे, उलट फिरवलं की उलटी. दोन वळणांतल्या फरकातून स्थिरांक निघे. कपाट, टेबल, भिंती जागच्या जागी राहत, त्यामुळे त्यांची ओढ वजाबाकीत उडून जाई.

चाक फिरवायला दोन दोर होते, एका बाजूला फिरवणारा दाराजवळ, उलट फिरवणारा कपाटाजवळ. दोर ओढला की तिने तिथल्याच स्टुलावर चार तास बसायचं, कारण पाऊल वाजलं तरी तार थरथरे. "हललीस तर दिवस पाण्यात," सर पलीकडच्या खोलीतून बजावत. ती हलत नसे. नाकाला खाज आली तरी नाही. असे सोळा महिने.

वहीच्या समासात तिने रोज लिहिलं होतं: दार, कपाट, दार, कपाट.

तिने तो समास पुन्हा वरपासून वाचला. खोलीतली एकच वस्तू चाकाबरोबर जागा बदलत होती, आणि ती वस्तू म्हणजे ती स्वतः.

स्वतःची ओढ धरून तिने गणित तीनदा केलं. दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. तीस वर्षं हा माणूस उरलेल्या जगाला चुकीचं म्हणत आला होता. त्याच्यापुढे तिने वही ठेवली.

सरांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा पुसला. "वजन किती होतं तुझं?"

"अठ्ठेचाळीस."

"बायका कमी सांगतात."

"दवाखान्याचा तेव्हाचा कागद आणलाय, सर."

बराच वेळ ते कागदावर आकडे मांडत राहिले. शेवटी पेन्सिल ठेवली. "तेरा जणांच्या मधोमध येतंय. म्हणजे मी त्यांच्यासारखाच निघालो." हसायला गेले आणि हसू आलं नाही. तिला वाटलं, आपण उगाच आलो. वगळलं असतं तर निदान भांडत तरी राहिले असते.

"सर, चूक माझी. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"गप्प बस." त्यांनी कोरा कागद ओढला आणि समितीला दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं. सही झाल्यावर कागद तिच्याकडे सरकवला. "शुद्धलेखन बघ."

पत्र चार ओळींचं होतं. प्रयोगाच्या खोलीत बसलेल्या व्यक्तीचं वस्तुमान आपण हिशेबात घेतलं नाही, ही चूक सर्वस्वी आपली, असं त्यात होतं. शेवटची ओळ अशी होती: "ही व्यक्ती सोळा महिने जराही हलली नाही, आणि केवळ म्हणूनच आज ही दुरुस्ती अचूक करता येते आहे."

शुद्धलेखन बघायचं राहूनच गेलं. तिला अक्षरं दिसत नव्हती.