नासेरच्या मापाचा खड्डा

पार्वतीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा दगडोबा वारंगा फाट्यावर मुजफ्फरच्या भंगाराच्या दुकानात एका पांढऱ्या टबात बसला होता. फाट्याजवळचा जुना लॉज पाडला, त्यातला तो आंघोळीचा टब मुजफ्फरकडे आला होता. दगडोबा खरं तर मोटरीसाठी जुना पंखा शोधायला गेला होता. टब दिसला आणि त्याला बायकोचं बोलणं आठवलं. घरामागच्या रोपांच्या जाळीत जमिनीबरोबर पाण्याचं काहीतरी पुरून द्या, म्हणून ती कितीतरी उन्हाळे मागे लागली होती. बसून तर बघा, मुजफ्फर म्हणाला. म्हणून दगडोबा चपला काढून आत बसला, आणि कनेरगाव नाक्याहून मेव्हणीचा फोन आला. पार्वतीबाई बहिणीकडे गेली होती. जेवून ओट्यावर जरा टेकली, ती तिथंच गेली.

दगडोबा टबातून उठला आणि तसाच अनवाणी डांबरी रस्त्यावर गेला. चपला हातात घेऊन मुजफ्फर त्याच्या मागे पळाला.

कुरुंद्याजवळच्या त्या गावात दगडोबाच्या घरामागे बांबू रोवून हिरवी जाळी ताणलेली होती. तिच्या सावलीत पार्वतीबाई वांग्याची, मिरचीची रोपं करायची. कोपऱ्यात एक पानवेल होती. पाठ धरायची म्हणून ती सगळं काम बसून करायची, वाफ्याकडेनं सरकत सरकत. बादली उचलणं जमायचं नाही. पाणी जमिनीबरोबर असलं की बसल्या जागी तांब्या बुडवता येतो, एवढंच तिचं म्हणणं होतं. पाइपानं का देत नाहीस, असं दगडोबा दरवर्षी विचारायचा. त्याचं उत्तर त्याला ती गेल्यावर मिळालं. भर दुपारी त्याने पाइप लावला. उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं होतं. संध्याकाळपर्यंत मिरचीची रोपं भाजीसारखी शिजून आडवी झाली. शेजारची भिकाबाई कुंपणावरून बघून म्हणाली, "भाऊजी, आता फोडणी तेवढी राहिली."

लेक कोमल नांदेडला दिलेली. तेराव्याला ती म्हणाली, बाबा, माझ्यासंगं चला. दगडोबा म्हणाला, रोपं कोण बघंल? कोमल बोलण्यात आईवर गेलेली होती, वायदा करूनच उठली. मी परत येईन तेव्हा रोपं हिरवी असली तर राहा खुशाल. वाळलेली असली तर जाळी सोडायची आणि नांदेडला यायचं. दगडोबा पटकन हो म्हणून गेला. मिरची उकडली त्या दिवशी आपण कशाला हो म्हणालो ते त्याच्या ध्यानात आलं.

म्हणून तो पुन्हा फाट्यावर गेला. मुजफ्फरने टब आतल्या बाजूला सरकवून वर ताडपत्री टाकून ठेवला होता. दुसऱ्या कुणाला दाखवला नाही, म्हणाला. टेम्पोतून टब गावात उतरला तेव्हा पारावरची माणसं उठून बघायला आली. एकाने साबण आणला का म्हणून विचारलं. त्यांच्यातल्या उत्तमरावाने टबावर बोटं वाजवून बघितली आणि भीमाचं ताट म्हणून त्याला नाव दिलं.

खड्डा खणायला नासेर आला. नासेरचं शेत दगडोबाच्या बांधाला लागून, आणि दोघांचं लहानपणापासून मैत्र. गावातल्या मुसलमानांत कुणाची मयत झाली की उत्तर-दक्षिण कबर खणायचं काम नासेरकडे. त्याच्या बापाकडेही तेच होतं. उन्हाळ्यातली काळी जमीन वर दगडासारखी आणि खाली चिकट, पण नासेरच्या टिकावाचं ती ऐकायची. "तू गुडघ्याचा अधू. जा, कुरुंद्याहून टबाच्या भोकाला रबरी बूच घेऊन ये," तो म्हणाला. "खड्ड्याचं माझ्यावर सोड."

दगडोबा बूच घेऊन परत आला तर जाळीत नुसतं नासेरचं डोकं दिसत होतं.

"नासेर, येवढा खोल काहून?"

"हात थांबलाच न्हाई."

"अन् उत्तर-दक्षिण काहून खणला? वाफे तर पूर्व-पश्चिम हायेत."

नासेरने खड्ड्याकडे बघितलं. कडा उभ्या, कोपरे नेटके, तळ साफ. त्याने बाहीने तोंड पुसलं. "माझ्या हाताला दुसरं मापच ठावं न्हाई रे."

मग दोघं खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले आणि हसत सुटले. हसता हसता नासेर मध्येच थांबला आणि म्हणाला, भाभी असती तर मला ह्याच खड्ड्यात घातलं असतं. दगडोबा म्हणाला, आधी मला घातलं असतं, मी तुला बोलावला म्हणून. टब खाली सोडून बघितला. लांबीला बराबर बसला, पण इतका खाली की त्यातून तांब्याभर पाणी काढायला पोहरा लागला असता. तो परत वर काढेपर्यंत दोघांना धाप लागली. उद्या मुरूम टाकून तळ वर घ्यायचा, असं ठरलं.

भिकाबाईने हे सगळं कुंपणावरून बघितलं होतं, ऐकलं मात्र काही नव्हतं. तिने कोमलला फोन लावला. तुझ्या बापानं तुझ्या मायच्या जाळीत माणसाच्या लांबीचा खड्डा खणून घेतला, नासेरकडून, आणि फाट्याहून पांढरी पेटी आणली. आता तूच काय ते समज.

सकाळी मुरूम पडला, धुमसाने चोपून झाला, टब बसवला. आता तोंड जमिनीबरोबर आलं. पण टबाचा तळ गोलसर, तो पाळण्यासारखा डुलायला लागला. आत पाणी भरलं की वजनानं गप बसंल, मग कडेनं माती ठोकू, दगडोबा म्हणाला. मोटर चालू करायला गेला तर लाईट गेलेली. टब तर डुलतोय. शेवटी दगडोबा स्वतःच आत बसला. नासेर म्हणाला, असा नको, सगळं वजन एकीकडे येऊन राहिलं, आडवा हो. दगडोबा आडवा झाला. टब अरुंद, हात ठेवायला जागा नाही, म्हणून त्याने ते छातीवर घेतले. नासेरच्या फावड्यातली धूळ डोळ्यांत जायला लागली, म्हणून उपरणं तोंडावर ओढलं. टबात गार लागत होतं. त्याला बरं वाटलं.

कुरुंद्याहून रिक्षा करून कोमल आली ती नेमकी तेव्हाच. भिकाबाई तिच्या मागे, आणि पारावरचे चारसहाजण तिच्याही मागे. जाळी बाजूला करून बघतात तर खड्ड्यात पांढऱ्या टबात दगडोबा, तोंडावर उपरणं, आणि नासेर भरभर माती लोटतोय. भिकाबाई मटकन खाली बसली. कोमलच्या तोंडून अगदी बारीक आवाज निघाला.

"बाबा."

दगडोबाने उपरणं उचललं. "तू कवा आलीस? थांब जरा, एक बाजू भरायची हाय."

"हालू नको," नासेर म्हणाला. "पाणसळ बिघडंल."

कोमलने पिशवी खाली ठेवली आणि नासेरला विचारलं, हे काय चाललंय. नासेरने फावडं टेकवून मिरचीपासून सगळं सांगितलं. पाठीमागची माणसं हसायला लागली. कोमल हसली नाही. ती कपाळाला हात लावून टबाच्या काठावर टेकली, तर टब तिच्या बाजूला कलला.

"आत बस," दगडोबा म्हणाला. "तुझ्या मायसाठीच बसवून राहिलो. पायाकडची बाजू वर यायलीय."

कोमल चपला काढून आत उतरली आणि बापाच्या समोर गुडघे जवळ घेऊन बसली. टब गप झाला. नासेरने चारी बाजूंनी माती ठोकून घेतली.

दुपारी लाईट आली. टब भरला. कोमल तांब्या घेऊन वाफ्याकडेला बसली, आई बसायची तशी. बसल्या जागी हात पाण्याला पोहोचत होता. मग ती एकेक रोप बघत सरकत गेली. मिरची गेलेली होती. वांग्याची रोपं तग धरून होती. पानवेलीची खालची पानं पिवळी, पण वर एक नवा फुटवा होता.

"अर्धं हिरवं, अर्धं वाळलेलं," ती म्हणाली. "मग वायद्याचं काय करायचं?"

"अर्धा दगडोबा घेऊन जा," नासेर म्हणाला. "अर्धा आमच्याकडं राहू दे."

आता मात्र कोमल हसली. दोन दिवस राहून ती एकटीच परत गेली. पोळ्याला येऊन बघीन, म्हणाली.

आता दगडोबा सकाळ-संध्याकाळ वाफ्याकडेला बसतो आणि तांब्याने पाणी घालतो. वांग्याची रोपं गावातल्या बायका लावायला घेऊन गेल्या. पानवेल बांबूच्या अर्ध्यावर चढली. टबाच्या पलीकडे एक वाफा आहे. माती चाळून, शेणखत घालून पार्वतीबाईने तो तयार करून ठेवला होता. त्यात ती काय लावणार होती ते कोमलला माहीत नाही, भिकाबाईला माहीत नाही. दगडोबाने विचारलं नव्हतं. तो वाफा लावायचा राहिला आहे.